‘तू यात पडू नकोस’ म्हणण्याआधी

ताई, पत्र मिळालं. तुमची मुलगी अमेरिकेत जीवशास्त्रात पीएच.डी. करतेय, टीचिंग असिस्टंट म्हणून पदवीच्या मुलांचं प्रॅक्टिकल घेते आणि पुढे तिला प्राध्यापकच व्हायचंय. तिच्या प्रॅक्टिकलच्या बॅचमधल्या एका कृष्णवर्णीय मुलाच्या होस्टेलच्या दारावर कुणीतरी वंशद्वेषी शिवी लिहिली. मोर्चे निघाले. विभागातले दोन प्राध्यापक मोर्च्यात गेले, बाकीचे गप्प राहिले. तुम्ही फोनवर म्हणालात, ‘तू यात पडू नकोस,’ आणि तेव्हापासून ती तुमच्याशी तुटक बोलते.

तुमची भीती खोटी नाही. मुलगी एफ-१ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थी-व्हिसावर आहे. अटक झाली तर गुन्हा सिद्ध न होताही व्हिसा रद्द होऊ शकतो. २०२५ मध्ये आंदोलनांत उतरलेल्या काही परदेशी विद्यार्थ्यांवर ही वेळ आलीही. तेव्हा इमारत ताब्यात घेणाऱ्यांत तिने जाऊ नये, पोलिसांनी ‘हटा’ म्हटल्यावर थांबू नये आणि काही शंका आली तर परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात आधी विचारावं. एवढं तिला जरूर सांगा.

पण तिची खरी परीक्षा मोर्च्यात नाही, वर्गात आहे. २०१५ च्या नोव्हेंबरात मिसुरी विद्यापीठात वर्णद्वेषाविरुद्ध मोठं आंदोलन झालं. एक विद्यार्थी उपोषणाला बसला, फुटबॉल संघाने खेळायला नकार दिला आणि ९ तारखेला विद्यापीठाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. दुसऱ्या रात्री एका निनावी ॲपवर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना गोळ्या घालण्याच्या धमक्या आल्या. सकाळी परीक्षा होती. घाबरलेल्या मुलांना पोषणशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी कळवलं की परीक्षा होणारच, तुम्ही आला नाहीत तर दादागिरी करणारेच जिंकतील. माणूस वाईट नव्हता, हेतूही चांगला होता. पण त्यांनी धैर्य मागितलं ते ज्यांच्या जिवावर बेतलं होतं त्यांच्याकडे. संताप उसळला, परीक्षा रद्द झाली, त्यांनी राजीनामा देऊ केला, विद्यापीठाने तो घेतला नाही. मी हा प्रसंग वाचला तेव्हा बराच वेळ अस्वस्थ होतो. मीही वर्षानुवर्षं मुलांना ‘घाबरू नका’ सांगत आलोय.

त्याच आंदोलनात एका सहायक प्राध्यापिकेने आंदोलकांच्या बाजूने उभं राहताना एका विद्यार्थी-पत्रकाराला हटवायचा प्रयत्न केला. पुढच्या फेब्रुवारीत तिची नोकरी गेली. तिला टेन्युअर, म्हणजे कायमपद, नव्हतं. प्राध्यापकांच्या राष्ट्रीय संघटनेने विद्यापीठावर ठपका ठेवला, कारण तिला रीतसर सुनावणी मिळाली नव्हती. या क्षेत्रात येणाऱ्या मुलीला हे माहीत असलेलं बरं.

याआधी १९६९ मध्ये अमेरिकेतल्याच कॉर्नेल विद्यापीठात कृष्णवर्णीय मुलींच्या वसतिगृहासमोर जळता क्रॉस, म्हणजे वर्णद्वेष्ट्यांची धमकीची खूण, ठेवला गेला आणि विद्यार्थ्यांनी इमारत ताब्यात घेतली. तेव्हा प्राध्यापकांच्या सभेने आधीच्या निदर्शनांबद्दल काही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना झालेली शिक्षा मागे घ्यायला आधी नकार दिला आणि दोनच दिवसांत तो निर्णय फिरवला. काही नामवंत प्राध्यापक विद्यापीठ सोडून गेले. त्याच वर्षी तिथे आफ्रिकाना अभ्यासकेंद्र सुरू झालं. शिक्षकांत एकमत तेव्हाही नव्हतं. तुमच्या मुलीच्या विभागात ते नाही, म्हणून तिने गोंधळून जाऊ नये.

मग तिने काय करावं? तो मुलगा प्रॅक्टिकलला आला नाही तर गैरहजेरी मांडण्याआधी त्याला दोन ओळींचा मेल करावा. प्रॅक्टिकल नंतर करून द्यायचं असेल तर मुख्य प्राध्यापकांची परवानगी लेखी घ्यावी. आपल्या अधिकाराबाहेरचं वचन देऊ नये. त्याची गोष्ट वर्गात किंवा सोशल मीडियावर त्याला न विचारता सांगू नये. पुढच्या आठवड्यात पहिली पाच मिनिटं मुलांना बोलू द्यावं, मग सूक्ष्मदर्शक काढावा. आणि पोस्ट-डॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी, गाईड निवडताना आज विभागात कोण कसं वागलं, हे तिने आठवावं. गाईडचा स्वभाव शोधनिबंधांच्या यादीत दिसत नाही.

आणि तुम्ही, ताई, रविवारी फोन कराल तेव्हा व्हिसाचं शेवटी काढा. आधी विचारा, तो मुलगा आता प्रॅक्टिकलला येतो का, जेवतो कुणाबरोबर.