नव्या देशात पोहोचल्यावर आधी काय करावे?

प्रश्न : आम्ही उभयता लहान मुलीसह परदेशी स्थायिक होण्यासाठी जात आहोत. बँक, फोन, शाळा, डॉक्टर अशी सगळी कामे एकदमच अंगावर येतील, तेव्हा सुरुवात कुठून करावी?

उत्तर : सुरुवात पत्त्यापासून करावी. बँक पत्त्याचा पुरावा मागते, घरमालक बँकखात्याचा तपशील मागतो आणि नवा माणूस या दोघांमध्ये अडकून पडतो. म्हणून तात्पुरते घर ठरवतानाच करारावर तुमचे नाव येईल का आणि त्या पत्त्यावर सरकारी पत्रे घेता येतील का, हे लेखी विचारून घ्यावे. पत्रपेटीवर स्वतःचे नाव लगेच लावावे, नाहीतर महत्त्वाचे पत्र परत जाऊ शकते.

जन्माचे व विवाहाचे मूळ दाखले आणि मुलीच्या लसीकरणाची नोंद हातातल्या सामानातच ठेवावी. तो देश १९६१च्या हेग करारात सहभागी असेल, तर दाखल्यांवर अपोस्टिल, म्हणजे दाखला खरा असल्याचे परदेशात मान्य होणारे सरकारी प्रमाणपत्र, प्रवासाला निघण्यापूर्वीच घ्यावे. परदेशातून हे काम फार रखडते. औषधांच्या चिठ्ठीवर ब्रँडऐवजी मूळ घटकाचे नाव लिहून घ्यावे, आणि तेही देशागणिक बदलते हे लक्षात ठेवावे : पॅरासिटामॉल अमेरिकेत अॅसिटामिनोफेन म्हणून मिळते.

नव्या देशाच्या वेळेशी जुळवून घेताना शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण एकच तास सरकते आणि पूर्वेकडचा प्रवास बहुतेकांना अधिक जड जातो. त्यामुळे झोप सुरळीत होईपर्यंत दीर्घ मुदतीच्या भाडेकरारावर सही करू नये, असे माझे ठाम मत आहे, मग घर कितीही पसंत पडलेले असो.