लांबलचक शब्द पेरावर मोडायचे

प्रिय बाळ,

तुझा मेसेज वाचला. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं बघूनच पोटात गोळा आला म्हणतेस, बारावीपर्यंत सगळं मराठी मीडियममधून आणि इथे एकेक शब्द अर्धी ओळ खाणारा. वर ते पीडीएफ पाठवलंयस, 'मेडिकलचे १०० कठीण शब्द अर्थासहित', रोज दहा पाठ करू का म्हणून. नको करूस. आधी ते डिलीट कर, मग पुढचं वाच.

अगं हे शब्द पाठ करायचे नसतातच, मोडायचे असतात. उसाला कशी पेरं असतात तशी यांनाही असतात आणि बहुतेक वेळा ते पेर म्हणजे मधला 'ओ'. गॅस्ट्र म्हणजे जठर, एंटर म्हणजे आतडं, लॉजी म्हणजे शास्त्र, मधेमधे ओ घालून जोडलं की गॅस्ट्रोएंटरॉलॉजी. आणि शेवटचा तुकडा स्वराने सुरू होत असेल तर तो ओ गळून पडतो, म्हणून गॅस्ट्रायटिस, गॅस्ट्रोआयटिस नाही. पण दोन अवयव एकत्र आले की मधला ओ तसाच राहतो, गॅस्ट्रोएंटरायटिस. एवढं कळलं तरी निम्मी भीती जाते बघ.

आणि वाचायचं मागून. शेपटीवरून कळतं की नेमकं झालंय काय, अवयव नंतर बघ. शेवटी आय-टी-आय-एस दिसलं की दाह, सूज. इथे मुलं हमखास फसतात, त्यांना वाटतं आयटिस म्हणजे इन्फेक्शन. तसं नाही. गुडघे झिजलेल्या आजीचा ऑस्टिओआर्थ्रायटिस काय जंतूंमुळे होतो का? आणि धुळीने नाक गळतं तो अ‍ॅलर्जिक ऱ्हायनायटिस, तिथेही जंतू नाहीत.

आता वॉर्डात ज्याला सगळे 'लॅप कोली' म्हणतात ते घे. पूर्ण नाव लॅपरोस्कोपिक (म्हणजे दुर्बिणीतून) कोलेसिस्टेक्टॉमी. दुसऱ्या शब्दाची मागून मोडतोड कर: ई-सी-टी-ओ-एम-वाय म्हणजे कापून काढून टाकणं, त्याआधी सी-वाय-एस-टी म्हणजे पिशवी, त्याआधी सी-एच-ओ-एल-ई म्हणजे पित्त. पित्ताची पिशवी काढली, संपलं. ही सी-एच-ओ-एल अक्षरं लक्षात ठेव, फार ठिकाणी भेटतात. कोलेस्टेरॉलमध्ये तीच आहेत, कारण तो पदार्थ आधी पित्तखड्यांमध्ये सापडला होता. मेलँकली म्हणजे उदासी, तिच्यातही तीच, कारण जुन्या ग्रीक वैद्यांना वाटायचं शरीरात काळं पित्त वाढलं की माणूस खिन्न होतो. आपल्याकडे पित्त खवळलं की माणूस चिडतो, त्यांच्याकडे रडका होतो, असो. पण एच गाळून नुसतं सी-ओ-एल वाचलंस तर ते मोठं आतडं, आणि कोलेक्टॉमी हे पूर्ण वेगळं ऑपरेशन.

टी-ओ-एम ही तीन अक्षरंही अशीच, अर्थ कापणं. अ‍ॅटम म्हणजे जो कापता येत नाही तो (नंतर फोडलाच म्हणा), अ‍ॅनाटॉमी म्हणजे कापून बघणं, एंटोमॉलॉजी म्हणजे कीटकांचं शास्त्र कारण किड्याचं अंग खाचा पाडल्यासारखं दिसतं. आता टॉमी म्हणजे छेद घेतला, स्टॉमी म्हणजे तोंड तयार केलं, ग्रीकमध्ये स्टोमा म्हणजे तोंडच. फरक एका एसचा, पण गॅस्ट्रोटॉमीत जठराला छेद घेऊन काम झालं की शिवून टाकतात आणि गॅस्ट्रोस्टॉमीत पेशंटला पोटातून नळी असते जिच्यातून तू फीड देणार आहेस. आणि कोलोस्टॉमी झालेल्या पेशंटला पोटावर बॅग असते, ती बदलायला त्याच्या घरच्यांना शिकवणारी पण तूच.

अ‍ॅनाटॉमीत तर शब्द स्वतःच पत्ता सांगतात. स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड, १९ अक्षरं. आत्ता आरशासमोर उभी राहा, मान डावीकडे वळव आणि उजव्या बाजूला बोट लाव, जाड दोरीसारखा लागतो तो स्नायू. खाली स्टर्नम म्हणजे छातीच्या मधल्या हाडाला आणि क्लॅव्हिकल म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाला धरलेला, वर कानामागच्या मॅस्टॉइडला. नाव म्हणजे नुसती ठिकाणांची यादी. त्याहून लांब नावच हवं असेल तर लेव्हेटर लेबिआय सुपिरिऑरिस अलेक्वे नेझाय, लॅटिन आहे, वरचा ओठ आणि नाकपुडीची कड उचलणारा. आपण नाक मुरडतो ना, तेव्हा काम करतो तो हाच. नाव ऐकून तू मुरडलं असशील तेव्हाही.

स्पेलिंगचा एक घोळ असतो. आपल्याकडे अन्ननलिकेचं, म्हणजे इसोफेगसचं, स्पेलिंग ब्रिटिश पद्धतीने ओ पासून करतात म्हणून अन्ननलिका-जठराच्या दुर्बिणीच्या तपासणीला ओजीडी स्कोपी म्हणतात, अमेरिकन पुस्तकात तीच ईजीडी. रक्ताचे शब्द तसेच, एच-ए-ई-एम नि एच-ई-एम दोन्ही एकच. इंडेक्समध्ये सापडलं नाही की दुसऱ्या स्पेलिंगने शोध.

आणि त्या पीडीएफमध्ये पहिल्या नंबरला जो ४५ अक्षरी शब्द आहे ना न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिक वगैरे वगैरे, तो १९३५ मध्ये अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्या मंडळींच्या अध्यक्षाने मुद्दाम लांबलचक बनवला होता. केस पेपरवर कोणी लिहीत नाही. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन होतो त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात, खाणीत, क्रशरवर काम करणाऱ्यांना होतो, ते मात्र नीट वाच.

खरी भीती लांब शब्दांची नाहीच, जुळ्यांची आहे. आय-एल-ई-यू-एम म्हणजे लहान आतड्याचा शेवट, आय-एल-आय-यू-एम म्हणजे कमरेचं हाड, ई फॉर ईटिंग म्हणून लक्षात ठेव. डिसफेजिया म्हणजे गिळताना त्रास, डिसफेझिया म्हणजे बोलायला त्रास, पहिल्यात जी, दुसऱ्यात एस. उच्चार चुकला तर हसतील, हसू देत, पण लिहिताना ते एक अक्षर दोनदा बघ.

सगळ्यात सांभाळायचं ते हायपो आणि हायपर. हायपोग्लायसेमियात शुगर खाली गेलेली, ग्लुकोज द्यायचं, हायपरमध्ये वर गेलेली. नाईट ड्युटीला फोनवर कोणी घाईत सांगितलं आणि नीट ऐकू आलं नाही तर सरळ विचार, 'सर, शुगर कमी आहे की जास्त, आकडा किती?' वैतागले तर वैतागू देत.

तुझी,
मॅडम