माझ्या आणि शेजाऱ्याच्या फोनचा आयपी अ‍ॅड्रेस एकच कसा?

तुमचा प्रश्न असा आहे: घरच्या वायफायवर तुमच्या फोनमध्ये १९२.१६८.१.७ दिसतो, शेजारी त्यांच्या वायफायवर मित्राच्या फोनमध्येही नेमका हाच आकडा दिसला. मग तुम्ही लावलेला व्हिडिओ त्याच्या फोनवर का जात नाही?

आयपी अ‍ॅड्रेस जगात एकमेव असतो असं सरसकट शिकवलं जातं, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. तुमच्या फोनचा हा पत्ता फक्त तुमच्या राउटरच्या आतल्या बाजूला चालतो. इंटरनेटवर तो जातच नाही. हे कसं जमतं ते कळायला आधी त्या आकड्यात काय दडलंय ते बघावं लागेल.

आयपी अ‍ॅड्रेस (सध्या जुना, म्हणजे आयपीव्ही४ घेऊ) हा ३२ बिटांचा एकच आकडा आहे (बिट म्हणजे ० किंवा १). वाचायला सोपं जावं म्हणून त्याचे आठ-आठ बिटांचे चार तुकडे करून मध्ये टिंबं देतात. आठ बिटांत ० ते २५५ एवढंच मावतं, म्हणून १९२.१६८.१.३०० असा पत्ता असूच शकत नाही. पण टिंबांमुळे पत्त्याला चार भाग आहेत असं वाटत राहतं. कॉम्प्युटरच्या लेखी भाग दोनच: डावीकडचे बिट नेटवर्क कोणतं ते सांगतात, उजवीकडचे त्या नेटवर्कमधलं उपकरण कोणतं ते.

हा पत्ता नेमका कुठे तोडायचा, हे मात्र प्रत्येक नेटवर्कचं वेगळं असतं. लँडलाइनचे नंबर आठवा. मुंबईचा एसटीडी कोड ०२२ आणि पुढे आठ आकडी नंबर. कोल्हापूरचा ०२३१, पुढे सात आकडी. साताऱ्याचा ०२१६२, पुढे सहा आकडी. सुरुवातीचं शून्य सोडलं तर बेरीज सगळीकडे दहाच. मोठ्या शहराला जास्त नंबर लागतात म्हणून कोड आखूड, लहान शहराला लांब. आयपीतही एकूण बिट ३२ ठरलेले. नेटवर्कला जितके जास्त द्याल तितकी उपकरणांची जागा कमी.

पत्ता कुठे तोडायचा ते सांगतो सबनेट मास्क. तुमच्या फोनमध्ये आयपीच्या खाली २५५.२५५.२५५.० दिसत असेल. २५५ म्हणजे आठही बिट १, आणि मास्कमधले १ नेटवर्कचे बिट दाखवतात; म्हणून इथे पहिले २४ बिट नेटवर्कचे. थोडक्यात /२४ असं लिहितात. उरलेल्या ८ बिटांत २५६ पत्ते होतात. त्यातला पहिला, म्हणजे शेवटी ० असलेला, खुद्द नेटवर्कचा, आणि शेवटी २५५ असलेला सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी. उपकरणांना राहिले २५४. मास्क २५५.२५५.२५५.१९२ असेल तर तो /२६. एका नेटवर्कमध्ये ६४ पत्ते, वापरायला ६२. तेव्हा १९२.१६८.१.७ आणि १९२.१६८.१.७० हे दिसायला शेजारी असले तरी वेगवेगळ्या नेटवर्कमधले ठरतात.

क्लास ए, बी, सी हा प्रकार अजूनही परीक्षेसाठी घोकून घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या पद्धतीत पत्ता ८, १६ किंवा २४ बिटांवरच तोडता यायचा. तीनशे कॉम्प्युटर असलेल्या संस्थेला क्लास सीचे २५४ पुरेनात, म्हणून थेट क्लास बीचे ६५,५३४ द्यायचे, आणि बाकीचे पडून राहायचे. १९९३ मध्ये हवं तिथे तोडण्याची पद्धत आली आणि क्लास मागे पडले. ते इतिहास म्हणून जरूर शिकवावेत, आजचा नियम म्हणून नव्हे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फोन एखादं पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) पाठवायच्या आधी मास्क लावून एवढंच तपासतो: समोरचा पत्ता माझ्याच नेटवर्कमधला आहे का? असेल तर तो वायफायवर 'हा पत्ता कोणाचा?' असं विचारतो आणि उत्तर देणाऱ्या उपकरणाला पॅकेट थेट देतो. नसेल तर पॅकेट गेटवेला, म्हणजे तुमच्या राउटरला देऊन मोकळा होतो. पुढचा रस्ता शोधणं राउटरचं काम.

छोट्या ऑफिसांची नेटवर्कं दुरुस्त करताना मला वारंवार सापडणारी भानगड इथलीच आहे. कोणीतरी प्रिंटरला हाताने १९२.१६८.०.५० दिलेला असतो, कॉम्प्युटर १९२.१६८.१.२० वर, मास्क दोन्हीकडे /२४. दोघांच्या केबल एकाच स्विचमध्ये (केबल एकत्र जोडणाऱ्या डब्यात), दिवे लुकलुकतायत, पण प्रिंट निघत नाही. कॉम्प्युटरच्या हिशेबाने प्रिंटर बाहेरगावचा, म्हणून तो पॅकेट राउटरकडे पाठवतो, आणि राउटरला ०.५० कुठे आहे याचा पत्ताच नसतो. केबल बदलून, ड्रायव्हर पुन्हा टाकून यात काहीही फरक पडत नाही. पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर तो आजार निराळा: राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, म्हणून उपकरणाने स्वतःच एक घेतला.

तर मग दोन घरांत एकच पत्ता कसा? १९९६ मध्ये तीन पट्टे कोणीही आपापल्या घरात, ऑफिसात न विचारता वापरावेत म्हणून पक्के राखून ठेवले: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. इंटरनेटवर या पत्त्यांकडे जाणारा रस्ताच नसतो. तुमचा राउटर कंपनीतूनच १९२.१६८.१ वर बेतलेला आला, शेजाऱ्याचाही तसाच, आणि दोघांनीही आपापल्या फोनला ७ वाटला. एवढाच योगायोग.

बाहेर जाताना राउटर पत्ता बदलतो. याला नॅट म्हणतात. समजा राउटरचा बाहेरचा पत्ता २०३.०.११३.२५ आहे (हा पट्टा उदाहरणांसाठीच राखलेला आहे, कोणाचा खरा नाही). तुमच्या फोनने ५१००० या पोर्टवरून (एकाच पत्त्यावरची वेगवेगळी कामं ओळखायचा क्रमांक म्हणजे पोर्ट) व्हिडिओ मागितला. राउटर पॅकेटवरचा १९२.१६८.१.७ आणि ५१००० पुसून तिथे २०३.०.११३.२५ आणि, समजा, ४००१२ लिहितो आणि ही जोडी स्वतःच्या तक्त्यात टिपून ठेवतो. व्हिडिओ परत येतो तो ४००१२ वर; राउटर तक्ता बघून तो तुमच्या फोनला देतो. शेजाऱ्याच्या राउटरचा तक्ता वेगळा, त्यामुळे गल्लत होण्याचा प्रश्नच येत नाही.

पण बाहेरचा पत्ता तरी तुमच्या एकट्याचा आहे का? राउटरच्या सेटिंगमध्ये 'वॅन आयपी', म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा आणि 'माझा आयपी काय' असं शोधून जो येतो त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही वेगळे निघाले, विशेषतः वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यातला असेल, तर तुमच्या इंटरनेट कंपनीने स्वतःकडे आणखी एक नॅट लावलाय आणि एकाच खऱ्या पत्त्यामागे अनेक घरं बसवली आहेत. दुकानातला सीसीटीव्ही घरून बघायला लोक पोर्ट फॉरवर्डिंग करतात (बाहेरून आलेलं पॅकेट ठरावीक उपकरणाकडे धाडायला राउटरला सांगतात), ते चालत नाही आणि बिचाऱ्या डीव्हीआरला (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डब्याला) दोष देतात. बाहेरून आलेलं पॅकेट कोणत्या घराला द्यायचं हे कंपनीच्या तक्त्यात नसतंच. अशा वेळी कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा न बदलणारा खरा पत्ता, घ्यावा, नाहीतर कॅमेऱ्याचं क्लाउड अ‍ॅप वापरावं.

ही सगळी काटकसर करावी लागते, कारण ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटीच पत्ते होतात. जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले, आणि त्याच एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक विभागात रेशनिंग सुरू झालं. आयपीव्ही६ मध्ये पत्ता १२८ बिटांचा आहे, त्यामुळे प्रत्येक फोनला स्वतःचा खरा पत्ता मिळू शकतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओने तो पहिल्यापासून मोठ्या प्रमाणावर वापरला. भारत यात जगात पुढे आहे ही मला खरोखर अभिमानाची गोष्ट वाटते. वायफाय बंद करून मोबाईल डेटावर फोनचा आयपी पाहा, टिंबांऐवजी अपूर्णविरामांचा लांबलचक पत्ता दिसण्याची बरीच शक्यता आहे.

एकाच ठिकाणी मात्र तुमची शंका खरी ठरते. घरून ऑफिसच्या व्हीपीएनला (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायच्या खासगी वाटेला) जोडलात आणि दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल, तर ऑफिसचा १९२.१६८.१.२० हा सर्व्हर लॅपटॉपला घरातलाच वाटू शकतो. तो त्याला वायफायवर शोधत बसतो आणि पॅकेट व्हीपीएनमध्ये शिरतच नाही. म्हणून नवं ऑफिस उभारताना मी राउटरमधला तयार पट्टा पहिल्याच दिवशी बदलतो आणि १०.३७.४२ सारखा, कोणाच्या घरी सहसा नसेल असा, निवडतो. नंतर बदलायचा म्हटलं तर हाताने पत्ता दिलेला प्रत्येक प्रिंटर, कॅमेरा आणि हजेरीचं मशीन हुडकत फिरावं लागतं.