कोकणातलं जुनं कौलारू घर विकायचं आहे. पाहणीआधी काय काय करून घ्यावं?

दापोली तालुक्यातलं आजोबांचं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर, दिवाळीनंतर गिऱ्हाईक इंजिनिअरला घेऊन येणार, आणि त्याआधी रंगरंगोटी करावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: रंगाला पैसे घालू नका. मी याच पट्ट्यात जुन्या घरांची दुरुस्ती करतो. बंद घराच्या एकाच भिंतीला ताजा रंग दिसला की पाहणारा पहिला हात तिथेच लावतो, आणि मग उरलेल्या घराबद्दलही त्याच्या मनात शंका येते.

पैसे पाण्यामागे घाला. आपल्याकडे पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जुनं घर खचतं ते त्यानेच. शाकारणी (कौलं उतरवून पुन्हा नीट बसवणं) राहिली असेल तर पाऊस सरल्यावर लगेच माणूस चढवा. फुटकी कौलं बदला, आढ्यावरचे कोने (तिथली वळणाची कौलं) बघा, छपराची दोन पाखं, म्हणजे दोन उतार, मिळतात तिथली पन्हळ साफ करा. मग खाली या आणि वाशांची टोकं तपासा. वासा मधे ठणठणीत असतो, कुजतो तो भिंतीवर टेकतो तिथे. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. चांगल्या लाकडात तो जेमतेम टेकतो. कुजलेल्यात दाबलं की आत जातो आणि ओलसर भुसा बाहेर येतो. इंजिनिअरही हेच करणार. भिंतीवर वाळवीच्या मातीच्या नळ्या असतील तर नुसत्या झाडून टाकू नका, औषध मारून घ्या आणि पावती ठेवा. निसर्ग वादळानंतर (जून 2020) कुठे कौलं काढून पत्रे घातले असतील तर तेही आपणहून सांगा.

भिंतीला खालून ओल असेल तर आधी बाहेर जाऊन जोतं (घराचा चौथरा) बघा. वर्षानुवर्षं माती, पालापाचोळा साचून अंगण जोत्याच्या बरोबरीला आलेलं असतं. ते खणून उतार काढला की निम्मं काम होतं. चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा मात्र चढवू नका. चिरा पाणी पितो, सिमेंट ते बाहेर पडू देत नाही आणि ओल आतच राहते. चुन्याचा गिलावा बरा.

वायरिंग जुनं असेल तर अर्थिंग आणि एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) करून घ्या, तेवढं पुरे.

आता कागद, कारण घर पसंत पडूनही व्यवहार बहुतेक इथेच अडतात. ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे कराची नोंद, त्यावर जमिनीची मालकी ठरत नाही. सातबारावर आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंद आजच घाला. मुंबईतले काका, लग्न होऊन गेलेल्या आत्या, सगळ्यांची नावं लागतील आणि विक्रीला सह्याही. जमीन शेतीची असेल तर कूळकायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. तेव्हा गिऱ्हाईक शेतकरी आहे का, हे पाहणीआधीच विचारा. हद्दीबद्दल शेजाऱ्याशी कुरबुर असेल तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज टाका, त्याला वेळ लागतो.

पाहणीच्या आधी आठवडाभर घर उघडं ठेवा, माळ्यावरची अडगळ काढा, शिडी तयार ठेवा. जे दुरुस्त करणार नाही त्याची यादी आणि मिस्त्रीचा अंदाजखर्च स्वतःच गिऱ्हाइकाच्या हातात द्या. नाहीतर एका कुजलेल्या वाशासाठी तो सगळ्या छपराचे पैसे कापून मागेल.