आजोबांची शिकारी सुरी नेमकी कधीची?

नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं आणि शेजारी कामठीची छावणी. त्यामुळे इथल्या जुन्या ट्रंकांमधून विलायती शिकारी सुऱ्या अजूनही निघतात. यावेळी आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न घेतो.

आजोबा जंगल ठेकेदार होते. त्यांच्या सुरीवर मुकुट, त्याच्या दोन्ही बाजूंना जी आणि आर, खाली तारा व क्रॉस आणि 'शेफिल्ड, इंग्लंड' असं कोरलंय. घरात सगळे ती १८८० ची सांगतात. खरं आहे का? (धंतोली)

तारा आणि क्रॉस ही शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सची खूण. मुकुटाजवळची अक्षरं गादीवरच्या राजाची असतात: व्हिक्टोरिया राणीची व्ही आर १९०१ पर्यंत, सातव्या एडवर्डची ई आर १९१० पर्यंत, पुढे पाचव्या जॉर्जची जी आर. १८८० साली गादीवर जॉर्ज नव्हताच. चौथ्या जॉर्जच्या काळातही, म्हणजे १८३० पर्यंत, जी आर होतं. पण तुमच्या पात्यावर 'इंग्लंड' आहे. अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव घालायची सक्ती १८९१ पासून केली आणि त्यानंतर हा शब्द सर्रास दिसू लागला. तेव्हा तुमची सुरी १९१० नंतरची. पात्यावरची सगळ्यांत अलीकडची खूण कोणती, ते आधी शोधायचं. बाकीच्या खुणा कितीही जुन्या वाटोत.

मात्र रॉजर्सच्या नकलाही भरपूर झाल्या. भिंगाखाली अक्षरं नीट बघा. ठोक्याची खोली सगळीकडे सारखी आहे का? स्पेलिंग बरोबर आहे का? नकली शिक्क्यात तारा आणि क्रॉस हमखास बेढब असतात.

ऑनलाइन घेतलेली 'व्हिक्टोरियन' सुरी, पात्यावर 'स्टेनलेस' लिहिलंय. (रामदासपेठ)

व्हिक्टोरियन नाही. हॅरी ब्रिअर्लीने शेफिल्डमध्ये गंजरोधक पोलाद १९१३ साली तयार केलं. राणी १९०१ मध्येच गेली होती. विकणाऱ्याला एवढंच सांगा आणि पैसे परत मागा.

'केस' या अमेरिकी चाकू कंपनीच्या घडीच्या सुरीवर पात्याच्या मुळाशी सात ठिपके आहेत. (त्रिमूर्तीनगर)

१९७३. केसने १९७० साली दहा ठिपके ठोकले आणि दरवर्षी एक कमी करत गेले. ठिपके नाहीत, पण 'यूएसए' आहे, तर १९६५ ते १९६९. इतकी सरळ पद्धत फार कमी कंपन्यांनी ठेवली. फक्त पातं बदललेलं नाही ना, हे बघा.

गंज काढून चकचकीत करून घेऊ का? चाकूला धार लावणारा ओळखीचा आहे. (इतवारी)

कृपा करून नका करू! बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरलं की शिक्क्याच्या कडा पहिल्या मिनिटात जातात, आणि काळ ठरवायचा आधार म्हणजे तो शिक्काच. पात्यावरचा सारखा राखाडी-काळा थर तसाच राहू द्या. लाल, भुरभुरीत गंज असेल तेवढाच तेलाचा बोळा आणि मऊ पितळी काडीने हळूहळू खरवडा, मग मेणाचा पातळ हात फिरवा.

आपल्या हवेचं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, शिंगाची मूठ आक्रसते, रिव्हेटभोवती तडे पडतात. आणि त्याच खोलीत दिवसभर कूलर चालू असतो, म्हणजे पात्यावर ओल. सुरी कूलरच्या खोलीत ठेवू नका, आणि कातडी म्यानात तर अजिबात नको. कातडं ओल धरतं, पितळी गार्डवर हिरवा थर येतो. म्यान आणि सुरी शेजारी-शेजारी, सुती कापडात, वेगवेगळी ठेवा.

मूठ हस्तिदंती आहे. विकता येईल का? (सदर)

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ ला आफ्रिकीही. वारशाने आलेली वस्तू असली तरी कागदपत्रांसाठी आधी वनविभागाला विचारा. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर शस्त्रविषयक नियमही लागू होतात. त्यासाठी पोलीस ठाण्यात चौकशी करा आणि सुरी घरीच ठेवा, सोबत घेऊन जाऊ नका.