कॅबच्या अपघाताचा मनाला बसलेला धक्का: भरपाई मागता येते का?

साताऱ्याच्या एका वाचकाने विचारलंय: कॅबच्या अपघातात हाड मोडलं नाही, पण मनाला धक्का बसला, तर दावा करता येतो का? हो, भरपाई मागता येते. हाड मोडलं नाही म्हणजे दावाच होत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं कोण जाणे!

पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीत ट्रकने तुमच्या ॲपवरच्या कॅबला मागून ठोकलं. तीन महिने झाले, तरी हॉर्न वाजला की धस्स होतं, झोप नाही, गाडीत बसवत नाही. असा त्रास महिन्यापेक्षा जास्त टिकला की डॉक्टर पीटीएसडीची, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराची, शक्यता तपासतात. मात्र निदान मानसोपचारतज्ज्ञाचं हवं, आणि केसपेपरवर ‘अपघातानंतर सुरू’ असा उल्लेख हवा. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्यांना दाव्यात फारसं वजन नसतं. रात्री घालमेल वाढली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा. तुम्ही साताऱ्यात राहता, म्हणजे तो इथेच करता येतो. मुदत अपघातापासून सहा महिने, त्यातले तीन गेलेच. चूक ट्रकची की कॅबची, या वादात प्रवाशाने पडू नये; दोन्हींचे मालक, चालक आणि विमा कंपन्या प्रतिवादी करा. ॲप कंपनीचं काय करायचं ते वकिलाला विचारा. एफआयआरची प्रत, राइडचं बिल, औषधांच्या पावत्या, बुडालेल्या पगाराचा दाखला जोडा. ॲपमधल्या राइडचा स्क्रीनशॉट तर आजच काढून ठेवा.

तडजोडीच्या कागदावर सही मागायला कुणी घरी आलं, तर वकिलाला दाखवल्याशिवाय पेन उचलू नका.