वाहनविषयक प्रश्नोत्तरे : फोर बाय फोर गाडीची दुखणी आणि खर्च

पावसाळा संपताच खानापूर, निपाणी आणि बेळगाव शहरातून आलेल्या पत्रांत डोंगरवाटांवर चालणाऱ्या फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या) गाड्यांविषयीची पत्रे सर्वाधिक होती. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : महोदय, आमचे गाव जांबोटीच्या पुढे आहे. पावसाळ्यात घरी पोहोचण्यासाठी दोन ओढे ओलांडावे लागतात, म्हणून तीन वर्षांपूर्वी डिझेलची फोर बाय फोर गाडी घेतली. दसऱ्याच्या सुमारास गाडीच्या मागच्या बाजूने घरघर ऐकू येऊ लागली. मिस्त्रींनी मागच्या हौसिंगमधले (मागच्या चाकांमधल्या गिअरांच्या लोखंडी पेटीतले) तेल सोडले, तर ते पांढरट निघाले. आता क्राऊन-पिनियन (त्यातली दातेरी चाकांची जोडी) बदलावे लागेल, असे ते म्हणतात. पाण्यातून जाण्यासाठीच बनवलेल्या गाडीचे असे का व्हावे? विम्यातून हा खर्च मिळेल का?
— एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : तेलात पाणी गेले आहे, हे मिस्त्रींचे निदान बरोबर आहे. क्राऊन-पिनियन बदलण्याचा निर्णय मात्र हौसिंग उघडून पाहिल्याखेरीज घेऊ नये.

गाडी चालताना हौसिंगमधले तेल आणि हवा तापते, आणि फुगलेली हवा बाहेर पडावी म्हणून हौसिंगवर एक लहानसा ब्रीदर असतो. तापलेले हौसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात बुडाले की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. ते गिअर ऑइलमध्ये घुसळले जाऊन दूध घातलेल्या चहासारखा रंग येतो, दात्यांवरचा तेलाचा थर तुटतो आणि सर्वप्रथम बेअरिंगांवर खड्डे पडू लागतात. महिंद्राने थारसाठी 650 आणि फोर्सने गुरखासाठी 700 मिलिमीटर पाण्याची खोली सांगितली आहे. परंतु संथ पाण्यातून सावकाश गेल्यास गाडी किती खोलवर जाऊ शकते, एवढेच तो आकडा सांगतो. वर्षानुवर्षे ओढे ओलांडल्यावरही हौसिंग आतून कोरडेच राहील, अशी हमी त्यात नाही.

हौसिंगच्या खालच्या प्लगला चुंबक असेल, तर तो आपण स्वतः पाहावा. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप असणे स्वाभाविक आहे. चमकणारे कण किंवा कपच्या बोटाला लागल्या, तर दाते किंवा बेअरिंग तुटू लागले आहे, असे समजावे. दाते शाबूत असतील, तर बेअरिंग आणि सील बदलून, आतला भाग धुऊन, कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे नवे तेल भरणे पुरेसे ठरते, आणि हा खर्च पूर्ण संच बदलण्याच्या मानाने पुष्कळच कमी असतो. बदलायचेच झाले, तर क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलावेत आणि दात्यांमधली फट डायल गेजने मोजून बसवून घ्यावी. अंदाजाने बसवलेली जोडी पुन्हा घरघरते आणि मजुरीचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.

पुढच्या पावसाळ्यापूर्वी ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटखाली उंचावर न्यावी. ओढ्यापूर्वी गाडी काही वेळ उभी करून हौसिंग निवू द्यावे. खोल पाण्यातून जावे लागले, तर रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा खालचा प्लग सकाळी किंचित सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी साचलेले पाणीच प्रथम बाहेर येते. पावसाळा संपल्यावर किलोमीटरचा हिशेब न पाहता पुढचे हौसिंग, मागचे हौसिंग आणि ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) या तिन्हींचे तेल बदलावे. आपल्या भागात हा दरवर्षीचा खर्च धरूनच अशी गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रॉपेलर शाफ्टच्या (चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याच्या) क्रॉसला, म्हणजे सांध्याला, ग्रीस देण्याची सोय असेल, तर तेही त्याच वेळी करून घ्यावे, आणि चेसिसच्या पोकळीत अडकलेली तांबडी माती खालून पाण्याच्या जोराने धुऊन काढावी. ती माती ओल धरून ठेवते आणि गंज आतून धरतो.

विम्याविषयी सांगायचे, तर हौसिंगमधली अशी झीज अपघात मानली जात नाही, त्यामुळे नेहमीच्या पॉलिसीतून भरपाईची अपेक्षा ठेवू नये. इंजिनात पाणी शिरून होणाऱ्या नुकसानीसाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते आणि आपण ते अवश्य घ्यावे. गाडी पाण्यात बंद पडली, तर कोणत्याही परिस्थितीत पुन्हा सेल्फ मारू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यानंतर केलेला दावा विमा कंपनी निष्काळजीपणाचे कारण देऊन नाकारू शकते.

प्रश्न : चोर्ला घाटात पकड चांगली राहावी म्हणून मी गाडी कायम फोर हायमध्ये (चारही चाके जोडून, नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये) चालवतो. वळताना गाडी अडखळते. हा दोष आहे का?
— एक वाचक, कणकुंबी

उत्तर : दोष गाडीत नाही. थार, जिम्नी किंवा गुरखा या गाड्यांमध्ये फोर हाय लावल्यावर पुढचा व मागचा शाफ्ट एकाच गतीने फिरण्यास बांधले जातात. वळणावर पुढची चाके अधिक अंतर कापतात, आणि कोरड्या डांबरावर ती घसरू शकत नसल्याने सगळा ताण ट्रान्सफर केस व टायरांवर येतो. चिखल आणि निसरडी मातीची वाट सोडली, तर टू हायमध्येच, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर, चालवावी.

प्रश्न : टिळकवाडीतून मुलांना शाळेत सोडणे आणि बाजारहाट, एवढाच आमच्या डिझेल गाडीचा वापर आहे. डीपीएफचा दिवा वारंवार लागतो. गाडी सदोष आहे का?
— एक वाचिका, बेळगाव

उत्तर : बहुधा नाही. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 नियमांमुळे डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी, म्हणजेच डीपीएफ, आली. काजळी जाळून टाकण्यासाठी सुमारे 600 अंश सेल्सियस तापमान लागते, आणि दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते कधीच गाठले जात नाही. आठवड्यातून एकदा गाडी कोल्हापूरच्या महामार्गावर नेऊन एकसारख्या वेगाने वीस-पंचवीस मिनिटे चालवावी आणि दिवा विझेपर्यंत इंजिन बंद करू नये. साफसफाईची ही क्रिया पुन्हा पुन्हा अर्धवट राहिली, तर न जळलेले डिझेल इंजिनच्या तेलात उतरते. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर तेल ताबडतोब बदलावे. वापर असाच राहणार असेल, तर पुढची गाडी पेट्रोलची घ्यावी.

प्रश्न : कोल्हापुरातील परिचिताची चार वर्षांची, एमएच-09 क्रमांकाची 2.2 लिटर डिझेल फोर बाय फोर गाडी स्वस्तात मिळत आहे. निपाणीत राहून तोच क्रमांक ठेवता येईल का? इतर कोणता खर्च येईल?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या गाडीला तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. आपण निपाणीतच राहणार असल्याने कोल्हापूर आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 28, व्यवहाराआधीच विक्रेत्याकडून मागावे आणि चिक्कोडीत केए-23 क्रमांकासाठी अर्ज करावा. कर्नाटकात नव्या गाडीचा आजीवन कर 10 ते 20 लाख रुपये किमतीच्या टप्प्यात 17 टक्के आहे. जुन्या गाडीला वयानुसार तो कमी होतो, तरीही रक्कम मोठीच असते. महाराष्ट्रात भरलेल्या करातील उरलेल्या काळाच्या परताव्यासाठी अर्ज करता येतो, पण येथला कर आधी भरावा लागतो. सीमेवरच्या माणसाला हा भुर्दंड सोसावा लागतो, याची मला जाणीव आहे. म्हणून ही रक्कम किमतीत मिळवूनच “स्वस्त” म्हणजे किती, ते ठरवावे.

1500 सीसीवरील खासगी गाडीचा तृतीय पक्ष विमा 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार वर्षाला 7,897 रुपये आहे, तर 1000 ते 1500 सीसीसाठी तो 3,416 रुपये आहे; त्यावरचा जीएसटी वेगळा. गाडी पाहताना खालून चेसिसला नुकताच काळा रंग मारलेला दिसला, तर तो खरवडून गंज पाहावा आणि मातीच्या वाटेवर फोर लो (चारही चाकांची, कमी वेगाची पण जास्त ओढीची जोडणी) लावून गाडी थोडी चालवून घ्यावी. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवलेले असतील, तर क्लच आणि व्हील बेअरिंग विशेष तपासावेत. पुढे लोखंडी क्रॅश गार्ड असेल, तर तो काढून टाकावा. त्यावर बंदी आहे आणि त्यामुळे एअरबॅगच्या वेळेत फरक पडू शकतो. मालकी बदलल्यावर 14 दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करून घ्यावा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळे हप्ता त्यांच्या पावतीवर दिसतो त्याहून अधिक येईल.